मटियाबुर्जची कव्वाली आणि माझी पोटरी

हावड्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझ्या धोतराचा मूळ रंग कोणता, हे मलाही सांगता आलं नसतं. मुंबईपासून दीड दिवस खिडकीशी बसून मी देश बघत आलो होतो आणि देशाने माझ्यावर कोळसा उडवला होता. घ्यायला आलेले मेहुणे वसंतराव दोनदा माझ्यासमोरून निघून गेले. तिसऱ्या वेळी मीच त्यांचा कोट धरला.

सत्तरच्या दशकातली ती एक दिवाळीची सुट्टी. मी वाईच्या शाळेत भूगोल शिकवी आणि शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला टाळ धरी. वसंतराव रेल्वेत अधिकारी. त्यांची कलकत्त्याला बदली झाल्यापासून माझी धाकटी बहीण कुसुम पत्रामागून पत्र धाडून बोलावत होती. त्यांचा बंगला गार्डन रीचला, हुगळीच्या काठी. जहाजाचा भोंगा वाजला की कुसुम अजूनही कुकर बंद करायला धावे.

तीन वर्षांत भाचीचं मराठी पार बंगाली वळणावर गेलं होतं. "मामा, तू जल खाणार?" तिने दारातच विचारलं. बंगालीत पाणीसुद्धा 'खातात'. मी म्हटलं, "आज पितो. दात घासले की खाईन."

दुसऱ्या दिवशी फाटकावरचा नंबर रंगवायला बशीरमियाँ आले. साठीचे, पांढरी दाढी, कोपरापर्यंत हिरवा रंग. वसंतरावांच्या ऑफिसातल्या दारांवरच्या पाट्या तेच रंगवत. मी ओसरीवर बसून एक अभंग गुणगुणत खुर्चीच्या हातावर ठेका धरला होता. त्यांचा ब्रश थांबला.

"मास्टरजी, हाथ में ताल है आपके."

बोलता बोलता कळलं, की दर जुमेरातला (गुरुवारी) ते मटियाबुर्जच्या एका लहानशा दर्ग्यात कव्वाली गातात. मला कव्वाली ठाऊक होती ती सिनेमातली. दोन टोळ्या, रंगीत दिवे, आणि हातवारे करत चाललेलं भांडण. तसं सांगितल्यावर ते खिन्न हसले.

"भतीजा भी यही कहता है. चचा, पुराना कलाम कौन सुनता है? दो हफ़्ते से लोग बीच में उठकर चले जाते हैं. इस जुमेरात को भी उठ गए, तो मैंने उसे ज़बान दी है, फ़िल्मवाली ही गाएँगे."

"आम्ही येऊ," मी वसंतरावांना न विचारताच सांगून टाकलं. "आणि उठणार नाही."

गुरुवारी दुपार कलल्यावर आम्ही दोघे निघालो. मटियाबुर्ज म्हणजे शिंप्यांची वस्ती. गल्लीत दोन्ही बाजूंनी शिवणयंत्रांचा असा खडखडाट, की आपण चालताना आपल्याला टीप घातली जात आहे असं वाटावं. दर्गा एका चिंचोळ्या अंगणात होता. हिरवी चादर, गुलाबपाणी, उदाचा धूर आणि जेमतेम तीस माणसं. शेजारी एक वृद्ध हाजीसाहेब गुडघे मोडून बसले होते. मान राखावा म्हणून मीही तसाच बसलो. वसंतरावांनी शहाणपणाने मांडी घातली.

पेटी, ढोलक, टाळ्या. बशीरमियाँचा आवाज थोडा फाटका होता, पण तो जिथे फाटे तिथेच गोड लागे. त्यांच्यामागे पुतण्या जांभया देत टाळ्या वाजवत होता. दोन माणसं उठून गेली. मग आणखी एक. बशीरमियाँचे डोळे त्यांच्या पाठीवर खिळलेले मला दिसत होते. त्यांनी एक नवी ओळ धरली: तुझ्या दारी एकदा उभा राहिलो, आता बसू कसा?

नेमका त्याच क्षणी माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला.

ज्याला पोटरीत गोळा आला आहे त्याला बाकी वर्णन नको. "हाऽऽ!" असं ओरडून मी ताडकन उभा राहिलो आणि पाय आपटू लागलो. वीस वर्षं टाळ धरल्याचा परिणाम म्हणा, पाय पडत होता तो बरोबर समेवर.

अंगणात एकच कुजबुज झाली. "हाल आया! साहब को हाल आया!" हाल म्हणजे गाणं ऐकता ऐकता देहभान हरपणं. अशा वेळी सगळ्यांनी मानाने उभं राहायचं, आणि त्या माणसाचं भान परत येईपर्यंत कव्वालाने तीच ओळ गात राहायचं, असा रिवाज. हे मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की उरलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत उभी आहेत आणि ओळ काही पुढे सरकत नाही.

"दादा, काय होतंय?" वसंतरावांनी माझा हात धरला.

"गोळा..."

"साहब, हाथ मत लगाइए," कोणीतरी त्यांना मागे ओढलं. "वो यहाँ नहीं हैं."

मी इथेच होतो, दुर्दैवाने. कळ कमी होताच मी खाली बसू लागलो. सगळे बसू लागले. अर्ध्यात पोचतो तोच डाव्या पोटरीत गोळा! मी उसळलो, सगळे उसळले. असं तीनदा झालं. हाजीसाहेब माझ्या कानाशी काकुळतीने म्हणाले, "बेटा, अब या तो खड़े रहो या बैठ जाओ. मेरे घुटने पचहत्तर साल के हैं."

मग मी उभाच राहिलो. बशीरमियाँ ती ओळ कधी विनवणीने म्हणत, कधी रुसून, कधी थट्टेने. पुतण्याची जांभई थांबली होती. तो आता गुडघ्यांवर येऊन टाळी देत होता. गल्लीतली शिवणयंत्रं एकेक करत बंद पडली आणि शिंपी गळ्यात टेप घेऊन दाराशी गोळा झाले. गाणं संपेपर्यंत कोणी उठून गेलं नाही. उठलेले तर सगळे होतेच.

नंतर लोक माझे हात डोळ्यांना लावू लागले. एका म्हातारीने पाण्यावर दुआ फुंकून घ्यायला पेला पुढे केला, "बाबा, पानी पर दम कर दो, बहू बीमार है." आता मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला हाजीसाहेबांकडे वळवलं. मग कोणी विचारलं, "जर्दा लेंगे?" मी घाईघाईने म्हणालो, "मी तंबाखू खात नाही." समोर आला तो केशरी गोड भात.

बशीरमियाँना गाठून मी खरं सांगितलं, "मियाँ, मुझे माफ करना. हाल नहीं था, पोटरी में गोळा आया था."

ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. "मालूम है. हाल में आदमी पिंडली (पोटरी) नहीं मलता."

"मग गात का राहिलात?"

"बारह बरस बाद किसी ने एक मिसरा (ओळ) इतनी देर गाने दिया. कैसे छोड़ता? भतीजा पूछ रहा है, वो सातवीं बार वाली जगह कैसे ली." मग माझ्याकडे निरखून म्हणाले, "गोला उतरा कब?"

मी आठवू लागलो. हाजीसाहेब बोलले तेव्हा होता. शिंपी आले तेव्हा? मला सांगता येईना. त्यांनी गोड भाताचा आणखी एक डाव माझ्या पानात वाढला.

सुट्टी संपली. वाईला परतल्यावर मी कलकत्त्यात काय पाहिलं, असं जो तो विचारी. मी पूल सांगे, ट्राम सांगे. दर्ग्याची गोष्ट सांगितली की लोक पोटरीपाशी एवढे हसत, की पुढचं सांगायचं राहूनच जाई.

शनिवारी देवळात नेहमीचं भजन चाललं होतं. बुवा एका ओळीवरून दुसरीवर निघाले, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "बुवा, तीच पुन्हा."

"का? चुकली का?"

"नाही. माझी ऐकायची राहिली."

बुवांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीच ओळ पुन्हा धरली.