दोन भाषणं, एक वॉर्ड

ज्या वर्षी मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता, त्याच वर्षी उज्जैनला नगरपालिकेची निवडणूक लागली आणि मिलच्या मजूरवस्तीतून पक्षानं मला उभं करायचं ठरवलं. पक्ष आमचा लाल बावट्याचा, कायम विरोधातला. मी त्या वस्तीत बायकांचा शिवणवर्ग चालवायची. मला ती जागा हवी होती, खोटं कशाला बोलू? अख्ख्या वस्तीला एक नळ, त्यावरून रोजची भांडणं, आणि नगरपालिकेत आमचं ऐकणारं कोणी नाही. दुसरा नळ आणून दाखवीन, असं मी बायकांना कबूल करून बसले होते.

पण तेव्हा आम्हाला एक टोमणा उठता-बसता ऐकावा लागे. ही माणसं देशाची नाहीत, हुकूम बाहेरून घेतात. माझं डोकंच सणकायचं. माझे वडील स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जाऊन आलेले, आणि मला देशप्रेम शिकवायला निघाले कोण, तर कालपर्यंत संस्थानच्या दरबारात माना खाली घालून उभे राहणारे!

आमचे सेक्रेटरी मात्र शांत डोक्याचे. ते म्हणाले, "बाई, आपणही मातीविषयी बोलू. ज्याला जी माती जवळची, तिच्याविषयी." त्यांनी सगळं आखून दिलं. गणेशोत्सवात वॉर्डातल्या मराठी मंडळींपुढे मराठीत बोलायचं, महाराष्ट्र एक झाला पाहिजे म्हणून. त्याच आठवड्यात मिलच्या फाटकावर हिंदीत बोलायचं, नव्या प्रांतातल्या मजुरांच्या एकजुटीवर. "दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत ना? मग दोन्ही बोला," ते म्हणाले. मी हो म्हटलं खरं, पण दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. मशीनवर बसायची, उठायची, उगाच बाजारात चक्कर मारून यायची.

आता गंमत अशी की महाराष्ट्र मी कधी पाहिलेलाच नव्हता. आमचे पूर्वज कुणा सरदाराच्या लष्कराबरोबर कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. घरात मराठी, पण तीही अर्धी हिंदी. तरी त्या संध्याकाळी मांडवात उभी राहिले, सह्याद्रीचं नाव घेतलं आणि मला रडूच फुटलं. कुठून आलं ते मला आजही सांगता येणार नाही. "आपलं राज्य होणार आहे, एक दिवस आपण सगळे आपल्या राज्यात जाऊ," असं मी बोलून गेले. पुढं बसलेले एक रिटायर्ड हेडमास्तर डोळे पुसत होते, आणि मीही रडतच खाली उतरले.

फाटकावरचं भाषण तीन दिवसांनी झालं. मुद्दे बरोबर होते, घोषणाही झाल्या. इथं जन्मले, क्षिप्रेच्या पाण्यावर वाढले, हेही सांगितलं. सगळं खरं होतं, पण आवाज निघत होता तो गिऱ्हाइकाला कापड दाखवणाऱ्या दुकानदाराचा. सेक्रेटरी खूश होते. मी त्यांच्याशी भांडले, म्हटलं, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणं मला पचत नाही. "याला नीती म्हणतात, बाई," ते म्हणाले आणि पत्रकं मोजायला लागले.

त्यानंतर शिवणवर्गाला कोणी येईना. सणाची कामं असतील म्हणून मी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी सकाळी दहा-बारा जणी ठेवणीतली लुगडी नेसून दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांत वयस्कर होती ती मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात काम करायची. तिनं मला टिळा लावला, हातात नारळ दिला आणि शेवेचा पुडा ठेवला. म्हणाली, "बेनजी, रस्ता में खाजो."

"कौन सा रस्ता?"

"आप अपने राज में जा रही हो ना."

तिची सून गणपती बघायला आली होती. माझ्या वर्गात बसून बसून तिला मराठी चांगलं कळायला लागलं होतं. तिनं चुकीचं काही ऐकलं नव्हतं, मी तसंच म्हटलं होतं.

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. पण एकीच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं घर कुणाला नको असतं, असं त्याच मला समजावत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मी कुठंही जात नाही, मी इथलीच आहे, मी तुमच्यासाठीच उभी आहे.

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग म्हातारी म्हणाली, "पहले कहतीं ना, बेनजी. आप जा रही थीं, तो कल पंचायत में हमने दूसरे को ज़बान दे दी. अब कैसे फिरें?"

"अरे, वो तो भाषण था! भाषण तो मैंने आपके फाटक पर भी दिया."

"सुना था," ती म्हणाली. "पर रोईं तो आप वहाँ."

मी त्यांना बसवलं आणि चहा टाकला. अर्ज मी मागं घेतला नाही, उभी राहिले आणि पडले. वस्तीनं दिलेला शब्द पाळला, आणि त्या बायका शिवणवर्गाला पूर्वीसारख्या येत राहिल्या.