पायथ्याचे व्याही

भारतातल्या फुटबॉलचा पाया बीड जिल्ह्यातल्या कडा गावात आहे असं मानणारा माणूस जगात एकच आहे आणि ते आमचे व्याही आहेत. हे ते छाती काढून सांगत नाहीत. आपल्या विहिरीला पाणी कुठल्या बाजूनं येतं हे शेतकरी ज्या सहजपणे सांगतो, त्या सहजपणे सांगतात. देशाची सर्वांत वरची लीग, तिच्या खालची, तिच्याही खालची, मग राज्याची, मग जिल्ह्याची, अशी ती उतरंड त्यांना तोंडपाठ. जिल्ह्याच्या लीगमध्ये सर्वांत शेवटी नाव येतं कड्याच्या संघाचं. "म्हंजे समदं वजन कुणावर आलं, इवाई?" असं विचारून ते माझ्याकडे असे पाहतात, की कड्याचे खेळाडू जरा बाजूला सरकले तर कोलकात्याची स्टेडियमं खाली येतील.

गेली काही वर्षं बीडकडे मैदानावर या माणसाची टिंगल होते. एखाद्या संघानं ऐनवेळी माघार घेतली की पोरं म्हणतात, "कड्यावानी केलं बे यांनी!" ही टिंगल खोट्या गोष्टीवर उभी आहे. खरी गोष्ट माहीत असलेला मी एक, आणि ती खोटी पक्की करण्यात माझाच हातभार लागला. वय झालं. आता लिहून टाकतो.

सोयरीक जुळली तेव्हा मी बीडला खेळाचा शिक्षक होतो आणि जिल्हा लीगमध्ये पंचाचं काम करायचो. मुलगी पाहायला आम्ही कड्याला गेलो. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, आणि मुलीच्या बापानं माझ्या मुलाला विचारलं, "तुमी कुठल्या जागेवर खेळता?" मुलगा बँकेत. तो म्हणाला, "मी कॅरम खेळतो." व्याही बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग बायकोला म्हणाले, "असू दे. नोकरी चांगली हाय." लग्नात त्यांनी वाढपी लावले नाहीत. संघालाच पंगतीत उतरवलं, तेही जर्सी घालून. बचावफळीकडे भात, मधल्या फळीकडे वरण, आणि जिलेबी डाव्या बगलेनं पळणाऱ्या एका काटक पोराकडे. तो इतक्या वेगानं यायचा की आमच्याकडच्या निम्म्या वऱ्हाडाला जिलेबी दिसली, मिळाली नाही. गोलकीपर पाण्याच्या टाकीपाशी उभा होता आणि त्याला जागा सोडायची परवानगी नव्हती.

स्वतः व्याह्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. उसाच्या ट्रॉल्या मोजता मोजता त्यांनी फुटबॉलचं सगळं शास्त्र स्वतःच्या डोक्यानं तयार केलं, आणि ते एका शब्दात मावतं. रेषेबाहेर उभे राहून ते सामनाभर एवढंच ओरडतात, "पसरा! पसरा बे!" मी एकदा खुलासा विचारला. "ट्रॉली एका अंगाला भरली की उलटती," ते म्हणाले. "ही पोरं चेंडू दिसला की समदी एका अंगाला पळतेत. उलटनारच की." पुढं पुण्याहून शिकून आलेला एक प्रशिक्षक आमच्याकडे दोन दिवस तेच सांगून गेला, फक्त त्याला फळा लागला.

वरच्या क्लबांविषयी त्यांच्या मनात भाऊपणाची भावना आहे. त्यांना कुणी नावं ठेवलेली त्यांना चालत नाहीत. "उद्या त्यांच्याशी खेळायचंय, कशाला तोंड खराब करा?" एक मोठा नावाजलेला क्लब घसरून खालच्या लीगमध्ये आला ती बातमी वाचून मला वाटलं यांना आनंद होईल. त्यांनी पेपराची घडी घातली आणि सुतकी चेहऱ्यानं म्हणाले, "ते खाली यायलेत, आपुन वर चाललोत. मधी कुटंतरी भेट होईल."

मैदानावर मात्र आमचं नातं ते पाळायचे नाहीत. तिथं मी 'रेफ्रीसाहेब'. एकदा ते रेषा ओलांडून आत आले आणि ऑफसाइडवरून माझ्याशी इतके भांडले, की मला खिशात हात घालावा लागला. व्याह्याला पिवळं कार्ड दाखवणारा मराठवाड्यात मी पहिलाच असेन. ते मुकाट्यानं बाहेर गेले. पण संक्रांतीला आमच्या घरी आले तेव्हा तिळगूळ हातात घेऊन माझ्या बायकोला म्हणाले, "इहीनबाई, गोड बोलायचं आमी कवाच सोडलं न्हाई. तुमच्या मालकानी मला चार गावासमोर रंगीत कागद दाखविला." बायको पुढं आठवडाभर माझ्याशी गोड बोलली नाही.

आता त्यांची सर्वांत मोठी करामत. कड्याच्या संघातली सगळी पोरं ऊसतोडीला जाणारी. लीग पावसाळ्यात, तेव्हा ती गावात असतात. पण दिवाळी झाली की ट्रका भरतात, आणि कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात, असा संघ विखरायचा. उन्हाळ्यात परत आलेली पोरं एकमेकांना पास द्यायची विसरलेली असायची. व्याही मुकादमाकडे गेले. ऊसतोडीच्या टोळ्या तोच बांधतो. त्याच्या ओसरीवर त्यांनी मुक्काम ठोकला आणि सांगितलं, "माझे अकरा गडी एकाच टोळीत घाल. आन् टोळी कोल्हापूरकडंच धाड." मुकादम म्हणाला, "मामा, ऊस तोडायचाय का म्याच खेळायचीय?" व्याही म्हणाले, "दोनी. तिकडं गल्लीगल्लीत फुटबॉल हाय." तिसऱ्या दिवशी मुकादमाच्या बायकोनंच नवऱ्याला सांगितलं, की यांचं ऐका, नाहीतर हे शिमग्यापर्यंत उठणार नाहीत. अशी संघाचीच टोळी झाली. संध्याकाळी उसाच्या फडातून आल्यावर पोरं कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, चेंडू घेऊन उतरायची आणि कोल्हापूरकडची पोरं त्यांना धुऊन काढायची. दोन हंगाम मार खाल्ल्यावर पुढच्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात त्यांना कुणी हरवू शकलं नाही.

कड्यानं जिल्हा लीग जिंकली. शेवटची शिट्टी मी वाजवली आणि व्याही मैदानात आले. हा रेषाभंग मी पाहिला नाही. जिंकणाऱ्याला राज्याच्या लीगमध्ये जागा मिळायची. व्याह्यांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "म्हंजे आता आपल्या खाली कुनीतरी आलं?" मी हो म्हणालो. त्यांचे डोळे भरले होते.

राज्याच्या लीगचं वेळापत्रक आलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि टोळी कोल्हापूरकडे फडावर होती. सामने हिवाळाभर, तेही दूरच्या गावांत. आम्ही दोघं एसटीनं तिकडे गेलो. पोरांनी ऐकलं आणि कोयते खाली टाकून नाचली. कॅप्टन म्हणाला, "मामा, तुमी म्हनताल तवा निघतो." बायका उसाच्या मोळ्या बांधतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनचा पाय मुरगळला म्हणून तो कोपीतच पडून होता. टोळी फडात गेली, आणि कॅप्टनची बायको चुलीपाशी बसून होती. धडधाकट बाई, कोयता शेजारीच.

"तू कावून गेली न्हाईस गं?" व्याह्यांनी विचारलं.

"एकटीला कोन घेतंय, मामा?" ती म्हणाली. "कोयता नवरा-बायकूचा धरतेत. ह्येनी तोडायचं, म्या मोळी बांधायची. हे बसले की म्या बी बसले, दोघांची मजुरी बुडाली." मग नवऱ्याकडे पाहून हसत म्हणाली, "म्याचला गेले की लई दिस बसावं लागंल. बसू की. तुमी आता लई वर चाललाव."

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच बसायला तयार होती.

परतीच्या एसटीत व्याही बोलले नाहीत. मी त्यांना बरीच वर्षं ओळखतो. झोपेत बोलतात, पण गप्प बसत नाहीत. नगर मागे पडल्यावर म्हणाले, "इवाई, आपली टीम अकराची न्हाई. बावीस जनांची हाय. निम्मी नेऊन निम्मी बसवून ठिवायची म्हंजे..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं, उलटत्या ट्रॉलीसारखा हात एका बाजूला कलता करून. मी म्हणालो, जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेला असंच कळवू. ते एकदम उसळले. "आजाबात न्हाई! पोरांना कळलं तर हट्टानं येतेल. बाया बी म्हनतेल, जावा. मला त्यांचं न्हाई म्हननं नकोय, आन् हो म्हननं तर त्याहून नको. मी घाबरलो म्हनून सांगा. घ्या शपत." मी घेतली.

कड्यानं माघार घेतली. व्याही घाबरले एवढंच सांगणं शपथेत होतं, त्यांना हसणं नव्हतं. पण संघटनेच्या बैठकीत एकानं विचारलं, "काय गुरुजी, तुमच्या व्याह्यांनी कच कावून खाल्ली?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हसलो आणि म्हणालो, "मोठं मैदान पाहिलं की काहींच्या पोटात गोळा येतो." खोली हसली. घरातल्याच माणसानं सांगितलं म्हटल्यावर साक्षीपुराव्याची गरज उरली नाही. त्या हसण्याची मला फार लवकर लाज वाटली, पण ती बोलून दाखवायला वेळ लागला.

परवा कड्याला गेलो होतो. संघ अजून आहे, जिल्ह्याच्या लीगमध्येच आहे, कधी दुसरा, कधी चौथा. आम्ही अंगणात बाजेवर बसलेलो असताना फडावरून फोन आला. कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली होती आणि बायका-पुरुष मिळून सामना लावला होता. तंटा असा, की कॅप्टनच्या बायकोच्या पाठीवर लेकरू बांधलेलं होतं आणि चेंडू त्या लेकराच्या हाताला लागला. पेनल्टी की नाही? व्याह्यांनी स्पीकर लावून फोन माझ्याकडे दिला. "घ्या, रेफ्रीसाहेब."

मी म्हणालो, "लेकरू संघात नाही. खेळ चालू ठेवा."

तिकडे बायकांचा कल्ला उठला. तो ओसरल्यावर कॅप्टन म्हणाला, "गुरुजी, एक इचारू का? राज्याच्या लीगच्या टायमाला मामा खरंच घाबरलते का? हितली पोरं लई चिडवतेत. काय सांगावं त्ये कळत न्हाई."

व्याही माझ्याकडे पाहून मान हलवत होते. नाही, नाही.

"घाबरले नव्हते," मी म्हणालो. "तुम्ही गेला असता तर तुमच्या बायका हिवाळाभर बसून राहिल्या असत्या, म्हणून तुम्हाला नेलं नाही. मला माहीत होतं. मी त्या वेळी हसलो, ते चुकलं."

फोनवर जरा लांबून कॅप्टनच्या बायकोचा आवाज आला, "मला तवाच कळलं हुतं." आणि पुन्हा तिचाच, नवऱ्याला, "आता का उबा राह्यलाव? टाका की चेंडू आत."

व्याही उठून घरात गेले. "शपत मोडली तुमी," एवढंच म्हणाले. फोन बंद करायचं तिकडे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी फोन बाजेवर ठेवला होता, त्यातून चेंडूचे ठोके, बायकांचं हसणं, कुणीतरी कुणाला तरी घातलेली शिवी, असं सगळं येत राहिलं. थोड्या वेळानं व्याही बाहेर आले, बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि फोन उचलून आमच्या दोघांच्या मधोमध ठेवला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. तिकडे दिवस मावळून चेंडू दिसेनासा होईपर्यंत आम्ही ऐकत बसलो.