टप्पा अलीकडे

बेडरूमचं दार आतून बंद होतं आणि मी बाहेर खुर्चीवर बसून यांचा चहा निवताना बघत होते. आत हे शर्टाची बटणं लावत होते. हाताला कंप सुरू झाल्यापासून त्याला वेळ लागायचा, आणि तो वेळ मी बघायचा नाही, असा यांनी न बोलता केलेला कायदा होता. एकदा मी दारावर टकटक करून "लावून देऊ का?" असं विचारलं होतं. त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी दार उघडलं. गळ्याजवळचं बटण तसंच राहिलं होतं. मी तिकडे बघितलं नाही.

"आज शेवटचं," चहा न घेताच हे म्हणाले. "आज माझा एक तरी चेंडू ग्रीनवर थांबला पाहिजे. नाही थांबला, तर गोल्फच्या सगळ्या स्टिका पिशवीसकट देऊन टाकायच्या. लोकांसमोर हसं करून घ्यायची हौस नाही मला."

दुसरा कुणी बोलला असता तर मी कानाआड केलं असतं. पण हे सोडतात म्हणजे सोडतातच. कंप आला तेव्हा आधी गाडी चालवणं सोडलं. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली ती टाकलीच. मग तबला सोडला, तोही अंगावर खोळ घालून माळ्यावर गेला. डॉक्टर सांगत होते, चालत राहा, खेळत राहा. आता गोल्फ सुटला की घाटकोपरच्या आमच्या हॉलमधल्या त्या एका खुर्चीत हे बसणार आणि जेवायलाच काय ते उठणार, हे मला लख्ख दिसत होतं.

गाडी नाही, म्हणून आम्ही रिक्षाने जायचो. पिशवी आडवी घातली की तिचं तोंड बाहेर यायचं आणि दर रिक्षावाला विचारायचा, "साहेब, इसमें गन है क्या?" एरवी हे त्याला काहीतरी थाप मारायचे. त्या दिवशी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून गप्प बसले होते.

आमच्या क्लबात मे महिन्यात नवरा-बायकोंचा सामना असतो. जोडीला चेंडू एकच. एक फटका त्याने मारायचा, पुढचा तिने. म्हणजे नवऱ्याने घाण केली की ती बायकोने निस्तरायची आणि वर तोंड उघडायचं नाही. हा खेळ ज्याने काढला त्याचं लग्न टिकलं नसणार, अशी माझी खात्री आहे. त्या दिवशी तोच होता, आणि आमच्यासमोर यांचा ऑफिसातला जुना दोस्त आणि त्याची बायको होती.

झेंडा जिथे रोवलेला असतो ती बारीक कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. पावसाळ्यानंतर ती मऊ असते, चेंडू पडतो तिथे रुतल्यासारखा बसतो. पण मे महिन्यात पाणीकपात सुरू असते. लोकांना प्यायला पाणी पुरत नाही तिथे गवताला कोण घालणार? नुसती जीव धरण्यापुरती शिंपडणी होते आणि ग्रीन लादीसारखी टणक होते. तिच्यावर चेंडू थांबवायचा तर तो खूप उंचावरून आणि उलटा गरगरत यावा लागतो. यांचा तसा यायचा. ढगात गेल्यासारखा वर जाऊन झेंड्याशेजारी पडायचा आणि तिथेच राहायचा. क्लबातले लोक हातातलं सरबत ठेवून बघायचे. पण त्याला मनगटात झटका लागतो, आणि तोच गेला होता. आता चेंडू बुटका जायचा, झेंड्याजवळ आपटायचा, टणकन उडायचा आणि पलीकडच्या गवतात पळायचा.

माझ्या मनगटात तो झटका कधीच नव्हता. मी पन्नाशीनंतर शिकले, तीही यांच्या सोबतीसाठी. मी सात नंबरची स्टिक घेऊन चेंडू जमिनीलगत ढकलायचे. तो ग्रीनच्या बराच अलीकडे टप्पा घ्यायचा आणि घरंगळत, दमत दमत वर चढून बसायचा. हे त्याला झाडू म्हणायचे. "आली बघा झाडूवाली," असं चारचौघांत म्हणायचे आणि मीही हसायचे. आता तोच झाडू यांच्या कामाचा होता, हे मला कित्येक दिवस कळत होतं. पण सांगणार कसं? तसं सांगणं म्हणजे तुमचे हात गेले, असं तोंडावर सांगणं. माझी जीभ रेटत नव्हती.

ग्रीनवर मारायची यांची पहिली पाळी आली. चेंडू झेंड्याजवळ आपटला आणि पलीकडे पळाला. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तर तो थेट वाळूत गेला. दर वेळी मी मुकाट्याने जाऊन तो बाहेर काढत होते. ऊन चढत होतं, आणि यांच्या कपाळावरची शीर मला लांबूनही दिसत होती.

"अरे, परत मार ना एक," दोस्त म्हणाला. "आपण घरचेच आहोत यार, कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," हे म्हणाले.

दोस्ताची बायको माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की मला तिचा राग आला. बिचारी वाईट नव्हती. पण कीव करणाऱ्यांचा मला राग येतो, आणि त्या दिवशी जरा जास्तच येत होता.

शेवटून दुसऱ्या ग्रीनवर यांचा चेंडू आपटला, उडाला, पण या वेळी जरा हळू पळाला. मी झपाझप पुढे गेले. चेंडू ग्रीनच्या पलीकडे जेमतेम वीतभर गेलेला, गवताच्या काठाला टेकून पडला होता. बाकीचे तिघे अजून मागे होते. मनात आलं, बुटाचं टोक नुसतं लावायचं. वीतभर तर ढकलायचा आहे, आणि पिशवी घरात राहील. माझा पाय खरोखर उचलला गेला.

"पाय मागे घे," मागून यांचा आवाज आला.

हे माझ्या अंदाजापेक्षा भरभर चालत आले होते. मी पाय मागे घेतला. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हे नुसते म्हणाले, "इतकी वाईट वेळ आली का माझ्यावर?" आणि पुढे निघून गेले. मला रडू येत होतं. तो चेंडू मी कसा मारला ते मला आठवत नाही.

शेवटच्या होलला पहिला फटका माझा होता. तो बरा बसला. ग्रीनवर मारायची पाळी यांची आली, आणि ती शेवटची होती. यांनी पिशवीतून नेहमीची उंच उडवायची स्टिक काढली. चेंडूमागे उभे राहिले. हात थरथरत होता, स्टिकचं टोक गवतावर टकटक वाजत होतं. दोस्ताने नजर दुसरीकडे वळवली. हे बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मागे सरकले आणि स्टिक पिशवीत ठेवली. मी मनात म्हटलं, संपलं. न मारताच सोडलं.

"काय गं," माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "तू टप्पा कुठे टाकतेस?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांनी मला कुठली गोष्ट कशी करायची म्हणून विचारल्याचं आठवत नाही.

"तो पिवळा पडलेला तुकडा दिसतोय ना, ग्रीनच्या अलीकडे," मी म्हटलं, "त्याच्याही अलीकडे टाका. झेंड्याकडे बघूच नका."

"इतक्या अलीकडे?"

"अहो, टाका तर खरं."

यांनी माझी सात नंबर मागून घेतली. हात थरथरतच होता, पण या फटक्याला झटका लागत नाही, तो थरथरत्या हातानेही होतो. चेंडू जमिनीलगत गेला. पिवळ्या तुकड्याच्या अलीकडे आपटला, उडाला, परत आपटला आणि धावायला लागला. ग्रीनवर चढला. झेंड्याच्या बाजूने पुढे गेला. पुढे चाललाच होता. "थांब रे," मी मोठ्याने म्हटलं. पलीकडच्या काठाशी तो हळू झाला, आणखी थोडा सरकला, आणि ग्रीनवरच थांबला.

सामना आम्ही हरलो. मी शेवटचा फटका इतका वाईट मारला की दोस्ताच्या बायकोलाही हसू आवरलं नाही. परतीच्या रिक्षात पिशवी आमच्या मांडीवर आडवी होती. पिशवीचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. घरी आल्यावर यांनी ती नेहमीसारखी दारामागे उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खुर्चीवर बसले, तर बेडरूमचं दार उघडं होतं. हे आरशासमोर उभे होते, खालची बटणं लावून झालेली.

"हे वरचं तेवढं लाव गं," हे म्हणाले.

मी कप ठेवून आत गेले. बटण हातात धरलं, पण डोळे भरून आले होते आणि समोरचं काज काही केल्या दिसेना.

"राहू दे," हे म्हणाले. "तुझ्याच्याने व्हायचं नाही."