ज्याची पाटी त्यानेच काढायची

लोकांना वाटतं, वीज भिंतीतल्या बटणात राहते. वस्तीच्या कोपऱ्यावर कुंपणाआड एक उपकेंद्र आहे आणि तिथे कुणीतरी खुर्चीला चिकटून बसलेलं असतं, हे लाइट गेल्याशिवाय कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. लाइट गेली की मात्र त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

तो बिचारा म्हणजे आपला ऑपरेटर. लांबून येणारी जबर दाबाची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये नरम पडून निरनिराळ्या फीडरवरून वस्त्यांत जायची. कुठला फीडर कधी बंद, कधी चालू, हे त्याच्या हाती. माणूस खडूस आणि घुमा. त्याचा धाकटा भाऊ लाइनमन, आणि एक नंबरचा बडबड्या. "दादा, तुझ्यापेक्षा तुझा ट्रान्सफॉर्मर जास्त बोलतो रे," म्हणून चिडवायचा.

एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत. तारेवर चढायचं तर लाइनमनने आधी उपकेंद्रात येऊन फीडर बंद करवून घ्यायचा आणि 'माणसं कामावर आहेत' ही पाटी ब्रेकरला, म्हणजे त्या फीडरच्या मोठ्या खटक्याला, स्वतःच्या हाताने अडकवायची. काम झालं की ज्याची पाटी त्यानेच येऊन काढायची. साहेब डोळे वटारो की वस्ती शिव्यांची लाखोली वाहो, ऑपरेटर ढिम्म हलत नसे.

त्या दुपारी धाकट्याने पाटी अडकवली, दादाच्या डब्यातला शेवटचा घास पळवला आणि गेला. संध्याकाळी त्याचा जोडीदार एकटाच आला आणि दारातच उभा राहिला.

"तार जोडून झाली. खाली उतरला, म्हणाला छातीत दुखतंय. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं, दादा. वहिनींना अजून कुणी सांगितलेलं नाही. माझी हिंमतच होईना."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"फार वाईट झालं. बदली माणूस पाठवतोय. पण लाइन मोकळी आहे, आधी ती चालू करा. दवाखाना त्याच फीडरवर आहे, जनरेटरचं डिझेल संपत आलंय."

"साहेब, थोडं थांबा. मी आधी घरी जाऊन येतो."

"आत्ता घरी?"

साहेबांना काय सांगणार? धाकट्याचं घरही त्याच फीडरवर. भावजयीला ब्रेकर कळत नव्हता, फीडर कळत नव्हता. लाइट आली म्हणजे नवरा खांबावरून सुखरूप उतरला, एवढं पक्कं ठाऊक. तोवर तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिला काळोखात बसवून ही बातमी सांगावी लागली तरी चालेल, पण आपल्या हातच्या उजेडाने तिला खोटं सांगू नये, एवढंच त्याला हवं होतं.

पण दवाखान्यातही कुणाची तरी माणसं पडून होती.

त्याने पाटीला हात घातला. एवढ्या नोकरीत दुसऱ्याची पाटी त्याने कधी काढली नव्हती. ती छातीशी धरून तो जोडीदारासमोर ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने ब्रेकर चालू केला, आणि कुंपणापलीकडच्या खिडक्या उजळल्या.

लगेच मोबाइल वाजला.

"भाऊजी, लाइट आली बाई एकदाची! आंघोळीचं पाणी ठेवलंय तापत. निघाले का हे?"

"मी... मी येतोय घरी," तो कसाबसा म्हणाला.

"या की! दोघंही या. आज जेवूनच जा."