चढावरचा हात

आमचा देव इथवर पोचत नाही, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. माझं माहेर तळकोकणात. तिथला रवळनाथ गावाची शीव राखतो, शिवेच्या आत कोणाला काही झालं तर तो बघून घेतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. देवळात गाऱ्हाणं घातलं जायचं, आम्ही सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणायचो, आणि पोटातली भीती निघून जायची. पाचवीत शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न झालं आणि ह्यांच्या नोकरीपायी मी शहाद्याजवळ साखर कारखान्याच्या वसाहतीत येऊन पडले. इथे भाताची शेतं नाहीत, खाडीचा वास नाही, ह्यांच्याशिवाय माझी बोली कळणारं कोणी नाही. देवाच्या शिवेबाहेर आलेली बाई मी, असं जे मनात बसलं ते बसलंच. रोज दिवा लावायचे, पण तो कोणाला दिसतो कोण जाणे, असं वाटायचं.

पहिली काही वर्षं सोडली तर दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू. मी खानावळ चालवली. गाळप हंगामात पंचवीस-तीस माणसं जेवायला असायची. शेजारणीनं मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला शिकवली, पहिली भाकरी फाटली तेव्हा म्हणाली, "तुन्हा हात अजून मासा पकडी ऱ्हायना, वं माय!" माझा हात अजून मासेच धरतोय म्हणे. चूल कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर चालायची. जाळ विझला की फुंकणी घ्यायची आणि एका दमात पेटवायची. एवढा दम होता माझ्यात. आता आठवलं की ती फुंकणी, तो लाल जाळ आणि दारात ताट घेऊन हसणारी माणसं, सगळं कालचं वाटतं. त्या धुरानं आत काय केलं ते मात्र पन्नाशीला आल्यावर कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, बिडी ओढायचात का?" मी म्हटलं, "बिडी नाही हो, चूल." ते हसले, आणि मग त्यांनी परत छातीला नळी लावून ऐकलं.

गेल्या थंडीत साध्या सर्दीनं सुरुवात झाली. दोन दिवसांत बोलणं तुटायला लागलं. एका वाक्यात तीन वेळा थांबावं लागे. मग गुंगी यायला लागली, डोकं जड, चहाचा कप हातातून सुटला. ह्यांनी गाडी केली आणि मला नंदुरबारला दवाखान्यात आणलं. दुपारचे तीन वाजत आले होते. मनगटातल्या खोल नसेतून रक्त काढलं, ती कळ अजून आठवते. डॉक्टरांनी ह्यांना समजावलेलं मी अर्धवट ऐकत होते. फुफ्फुसात जुनी हवा अडकून बसलीय, बाहेर जात नाही, म्हणून नवीला जागा होत नाही. विषारी वायू रक्तात साठलाय, गुंगी त्याचीच. आणि श्वास ओढणारे स्नायू ओढून ओढून थकलेत, आता त्यांना विसावा हवा. त्यासाठी नाकातोंडावर मास्क लावून मशीननं हवा द्यायची. "तासाभरानं रक्त परत बघू. मशीन सोसलं तर ठीक. नाही सोसलं तर घशात नळी घालावी लागेल, आणि त्यासाठी मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल." मला नळीची भीती वाटली नाही. भीती वाटली ती आणखी लांब जाण्याची. इथेच मी माझ्या देवापासून एवढी लांब, आणि हे मला अजून कुठे नेणार?

मास्क बांधला. पट्टे आवळले. धावत्या एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यावर वारा जसा नाकातोंडात घुसतो, तसंच झालं. मी श्वास सोडायला जावं तर ते आत ढकलायचं, मी घ्यायला जावं तर ते थांबलेलं वाटायचं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, खांदे कानाला टेकले. मी पट्टा ओढून काढायला बघत होते. आमचे हे बिचारे घाबरून उशाशी उभे. घाबरले की ते आमच्या मालवणीत बोलतात. "ओढ गो, जोरान ओढ! सोडू नको! ओढ!" आणि मी मूर्खासारखी आणखी जोर लावत होते. जेवढा जोर लावू तेवढं मशीन किंचाळत होतं.

सिस्टर धावत आल्या. "काका, जोर लावाले नका सांगू! तेस्ना छातीना जोर सरी गया शे. आते मशीनले काम करू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, मशीनशी भांडू नका. तुम्ही थोडासा घ्या, बाकीचा ते देतं." कानांनी ऐकलं, पण छाती ऐकेना. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली होती. गाऱ्हाणं घालावं म्हटलं तर तोंड मास्कमध्ये बांधलेलं. आयुष्यभर मी देवाशी तोंडानं बोलत आले. तेवढीसुद्धा वाट उरली नाही, असं वाटून डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात पाठीवर कोणीतरी हात ठेवला.

शेजारच्या खाटेवर सातपुड्यातला एक म्हातारा होता, नाकात ऑक्सिजनची नळी लावलेला. त्याची बायको सकाळपासून त्याच्या पायाशी बसून होती, असं सिस्टर मागाहून म्हणाल्या. ती उठून आली होती. हातात चांदीचं जाड कडं. माझ्या खाटेची पाठ वर केलेली, मी पुढे वाकलेली, त्या मधल्या जागेत हात घालून तिनं दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये तळवा टेकवला. ढकललं नाही, चोळलं नाही. नुसता टेकवला. पावरी बोलीत काहीतरी पुटपुटली, मला एक शब्द कळला नाही.

पण तो हात मला माहीत होता. लग्नानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला ह्यांनी मला तोरणमाळच्या नाथांच्या जत्रेला नेलं होतं, शेजाऱ्यांबरोबर, पायी. मी सपाट किनाऱ्यावरची पोर. अर्ध्या चढावर पाय उचलेना. लोक पुढे निघून गेले, हे वळणावर पाणी आणायला गेले, आणि मी दगडावर बसून आईच्या आठवणीनं रडायला लागले. तेव्हा डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी मागून आली आणि तिनं माझ्या पाठीवर असाच हात ठेवला. मी उठले. तिनं मला ढकललं नाही. मी पाऊल उचललं की तेवढ्यापुरता हात किंचित दाबायचा, पाऊल टेकलं की सैल व्हायचा. मी घाई केली तर हात मागे राहायचा. मग मी घाई सोडली. पुढचा सगळा चढ कसा सरला ते कळलंच नाही. वर पोचून मागे वळले तर गर्दीत ती कुठे दिसेना. तिला नमस्कार करायचा राहिला, ही रुखरुख मी इतकी वर्षं बाळगून होते.

खाटेवर मला ते सगळं आठवलं. मी जोर सोडला. एक पाऊल उचलावं तेवढाच, अगदी थोडा श्वास घेतला. आणि मशीननं बाकीचा दिला. सैल सोडला, तर तेही सैल झालं. परत थोडा घेतला. खांदे खाली आले. आता पाठीवरचा हात कुठला आणि आत येणारी हवा कुठली, हे मला वेगळं सांगता येईना. सिस्टर काही बोलायला आल्या, पडद्यावरचे आकडे बघून थांबल्या आणि त्या म्हातारीला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आजी, तठेच ऱ्हाऊ द्या हात."

चार वाजता परत रक्त घेतलं. डॉक्टर कागद घेऊन आले तेव्हा हे हात जोडूनच उभे होते. वायू उतरायला लागला होता. नळी टळली. मोठा दवाखाना टळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्क काढला तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. म्हाताऱ्याला बरं वाटलं म्हणून सकाळीच घरी नेलं, असं सिस्टर म्हणाल्या. म्हणजे हाही नमस्कार राहिलाच. स्वतःचा माणूस धापा टाकत असताना ती बाई उठून माझ्याकडे का आली, मला माहीत नाही. रवळनाथानं शीव ओलांडली, की त्यानं तोरणमाळच्या नाथांना निरोप धाडला, तेही माहीत नाही. देवांचं आपसात काय ठरतं ते आपण कशाला विचारायचं. एवढं मात्र कळलं की इतकी वर्षं मी जो जोर लावत होते, घरापासून लांब आहे, सगळं मलाच ओढायचंय म्हणून, तेवढा कोणी मागितलाच नव्हता. माझ्याकडून पाऊल उचलण्यापुरताच हवा होता.

आता घरी तसंच छोटं मशीन आहे. पहिल्या दिवशी ह्यांनी मास्क बांधला, बटण दाबलं आणि सवयीनं तोंड उघडलं, "ओढ..." म्हणायला. मग एकदम मिटलं. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. हात भलत्याच जागी होता, एका खांद्यावर, आणि केवढा जड. मी डोळे मिटले आणि थोडासा श्वास घेतला.