हातोडीवरचा आळ

घड्याळवाल्याचं डोकं रोज अकराच्या ठोक्याला दुखायला लागे. डाव्या भुवईवर सुरू झालेली ठणक दुपारपर्यंत मानेत उतरायची. याचं सगळं खापर त्याने फोडलं होतं समोरच्या पत्रेवाल्यावर.

पत्रेवाला बादल्या आणि नरसाळी ठोकायचा. एकदा घड्याळवाला तरातरा रस्ता ओलांडून गेला आणि चार गिऱ्हाइकांदेखत ओरडला, "माझं डोकं म्हणजे तुझी बादली आहे का रे?"

 दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याने आपला लोखंडी ठोकळा दुकानामागच्या उघड्या अंगणात नेला आणि तिथे उन्हात बसून काम करू लागला. समोरचा आवाज थांबला. डोकं मात्र अकराला हजर! इतक्या वर्षांचा मार आहे, उतरायला वेळ लागणारच, अशी घड्याळवाल्याने मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांनी त्याची थोरली बहीण राहायला आली. सगळा जन्म रुग्णांच्या सेवेत काढलेली परिचारिका. एक सकाळभर ती दुकानात स्टुलावर बसून नुसती बघत होती. भाऊ डोळ्याला भिंग लावून आठला खाली वाकला, तो दोनलाच उठला.

"पाणी कुठे ठेवतोस?"

"इथे? ताई, उघड्या घड्याळात एक थेंब पडला की संपलं. तीस वर्षांत मी दुकानात पाणी आणलेलं नाही."

"म्हणजे घड्याळंही कोरडी आणि तूही. सकाळी खाल्लंस काय?"

"चहा."

"चहा खातात होय?" ताईने कपाळाला हात लावला. "उद्यापासून खाऊन निघायचं. दर तासाला उठायचं, बाहेर ओट्यावर पाणी प्यायचं, मान सैल सोडायची, लांबचं काहीतरी बघायचं. आठ दिवसांत फरक पडला नाही, तर मुकाट्याने डॉक्टरकडे."

पाचव्या दिवशी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. घड्याळवाल्याने भुवई चाचपली. काही नाही! तो ओट्यावर येऊन हसला, आणि समोरचं रिकामं दुकान दिसताच ते हसू तिथेच विरलं.

घरी त्याने पत्रेवाल्याची हकिगत सांगितली, तेव्हा ताई म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस की रे."

दोन दिवस त्याचं पाऊल उचललं नाही. तिसऱ्या दिवशी तो मागच्या अंगणात गेला. पत्रेवाला डोक्यावर ओलं फडकं घेऊन ठोकत बसला होता. शेजारी एक बाई गळक्या बादलीसाठी ताटकळत होती.

"फडकं कशाला?"

"उन्हाने डोकं चढतं. चालायचंच. तुमचं कसं आहे, काका?"

घड्याळवाल्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"थांबलं," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या हातोडीचा दोष नव्हता. मीच पाणी पीत नव्हतो."

"हातोडीचा दोष नव्हता, ते ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं?"

"तुम्ही ओरडलात, त्याच्या आधी मी आठ दिवस मेव्हण्याच्या लग्नाला गेलो होतो. दुकान बंद. तरी तुम्ही डोकं धरूनच बसला होतात, असं शेजारी म्हणाले."

"मग मला बोलायचं नाही का?"

"दुखत तर होतंच ना तुम्हाला. डोकं धरलेल्या माणसाशी काय हुज्जत घालायची?"

त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर घड्याळवाल्याला सोपं गेलं असतं.

"कसला दोष? काय झालं?" बाईने विचारलं. तेव्हा घड्याळवाल्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, त्या बादलीच्या वाक्यासकट. मग दोघांनी मिळून ठोकळा उचलला. तो इतका जड असेल असं घड्याळवाल्याला वाटलं नव्हतं. पत्रेवाल्याने तो एकट्याने बाहेर नेला होता.

दुसऱ्या दिवशी समोर पुन्हा ठणठण सुरू झाली. अकराला घड्याळवाला पाणी प्यायला ओट्यावर आला. लांबचं बघायचं, तर समोर नेमका पत्रेवाला. त्याने ओशाळून नजर खाली वळवली. मग ताईची आठवण झाली, आणि त्याने सावकाश मान वर केली.

पत्रेवाल्याने हातोडी उंचावून विचारलं, "आज किती पेले?"

"तिसरा," घड्याळवाला म्हणाला.