लेव्हलपुरती एक ओळ

तिचे बाबा कवी, त्यात गायक आणि वर टीव्ही केंद्रात सिंधी कार्यक्रमांचे निर्माते. एका माणसात तीन खुळं, असं आई म्हणायची. लेक मात्र शाळेत ताठ मानेनं सांगायची, गाण्याचा कार्यक्रम माझे बाबा करतात. "मग ते दिसत का नाहीत?" मैत्रिणी विचारायच्या. खरंच दिसायचे नाहीत. निर्मात्यानं स्वतःची टिमकी वाजवू नये, हा त्यांचा हट्ट.

एकदाच केंद्रप्रमुखांनी बळेच त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि त्यांच्या गाण्यांची टेप करून घेतली. ती दाखवायच्या आधीच एक म्हातारी दूरच्या गावाहून स्टुडिओत आली. नावाड्यांची जुनी सिंधी गाणी येणारी तीच एक उरली होती. स्टोअरवाल्यानं हात वर केले, कोरी टेप शिल्लक नाही म्हणाला. बाबांनी आपली टेप पुढे केली. "ही पुसा. मी काय, पुन्हा गाईन. आजीबाई पुन्हा येतील का?"

"लोकांची लग्नं लावता लावता स्वतः बिनलग्नाचे राहाल!" आईनं कपाळावर हात मारला.

आजीबाई पुन्हा आल्या नाहीत. आज ती गाणी कितीतरी घरांत म्हटली जातात, ती त्या टेपमुळेच. बाबांचं 'पुन्हा' मात्र राहिलं ते राहिलंच. नोकरीच्या शेवटाला घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. मागे उरली फक्त कुजबुज.

लेक आता स्वतः एडिटर. दिवसभर परक्यांचे आवाज कापायचे, जोडायचे, आणि बापाचा एक सूर हाताशी नाही! तिच्या मुलीनं एक दिवस विचारलं, "आजोबा खरंच गायचे?" तिनं तडक टीव्ही केंद्र गाठलं.

तिथले जुने ध्वनिमुद्रक अजून होते. सगळे त्यांना कानसेन म्हणत.

"पुसलेलं परत येत नाही, पोरी," ते म्हणाले, आणि गालात हसले. "पण कधीच न पुसलेलं चालेल का?"

रेकॉर्डिंगआधी आवाजाची लेव्हल बघायला सगळे माइकवर "हॅलो, एक दोन तीन" म्हणतात. बाबा म्हणायचे, आकडे ऐकून माइक रुसतो. ते आपल्याच एका लांबलचक कवितेची पुढची ओळ गायचे. दर रेकॉर्डिंगला एक. मग बाजूला होऊन गायकाला पुढे करायचे.

"मी टेप जरा आधीच सुरू करायचो," कानसेन म्हणाले. "तुझ्या बाबांना सांगितलं नाही. नाहीतर तेवढंही पुसायला लावलं असतं!"

टेपांमागून टेपा लावून तिनं एकेक ओळ उचलली. कविता एका नावाड्याची होती, काठावरच्यांना हाका मारून मारून नावेत घेणाऱ्याची. पहिल्या कडव्यात बाबा तरुण होते, पुढे आवाज पिकत गेला होता. आणि दमदार केवढा! शेवटची ओळ तेवढी कुठेच नव्हती. त्याआधीच घसा गेला होता.

घरी तिनं गाणं लावलं. नात खेळता खेळता थांबली. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि गाणं तुटलं तिथे बोटानं ठेका धरून बसले. लेकीनं माइक पुढे केला.

"बाबा, लेव्हल देता?"

त्यांनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

"आता कशाला लाजता?" आई म्हणाली. "पुढे करायला इथे दुसरा गायक नाहीये."

बाबा हसले. माइकपाशी वाकले आणि त्याच लयीत कुजबुजले, "सगळे पोचले, आता मीही उतरतो."

लेकीनं ती कुजबुज मोठी केली नाही, साफसूफही केली नाही. जशीच्या तशी जोडली. मग पडद्यावर 'गायक' असं लिहून पुढे बाबांचं नाव घातलं.

आईनं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "लागलं बाई," ती म्हणाली, "एकदाचं लग्न लागलं."